पडद्यावरील शिक्षक कोणाशी बोलतो?

मराठी शाळांसाठी तयार होणाऱ्या शैक्षणिक व्हिडिओंमध्ये एक पात्र हटकून भेटते. मागे फळा, डोळ्यांवर चष्मा, हातात पट्टी. बाई असतील तर काठापदराची साडी. ते पात्र ठरावीक वेळाने पापण्या मिटते, हात हलवते आणि म्हणते, ‘नमस्कार मुलांनो, आज आपण जलचक्राची माहिती घेणार आहोत.’ कधी हे पात्र हाताने रेखाटलेले असते, कधी संगणकावर घडवलेले. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ते हुबेहूब माणसासारखेही दिसू लागले आहे. त्याला आभासी शिक्षक म्हणतात. त्याची घडण कशी असावी याची चर्चा होते तेव्हा ती बहुधा चेहरा, वेश, रंग, हालचाल यांच्याभोवतीच फिरते. तो बोलतो कसा, कोणाशी बोलतो आणि ऐकतो की नाही, हे प्रश्न मागे पडतात.

आमचे म्हणणे असे की, हा आभासी शिक्षक चित्रकाराच्या आणि तंत्रज्ञाच्या हाती जाण्याआधी साहित्याच्या अभ्यासकाच्या हाती यायला हवा. कारण तो सर्वप्रथम एक निवेदक आहे. कथेतल्या निवेदकाविषयी आपण वर्गात जे प्रश्न विचारतो (तो कोठून बोलतो, त्याला किती ठाऊक आहे, त्याचा गृहीत श्रोता कोण, त्याची भाषा कोणाची) तेच सारे प्रश्न येथे लागू होतात. फरक इतकाच की, कादंबरीतला निवेदक फसला तर एक कादंबरी फसते. हा निवेदक फसला तर एखादे मूल विषयाला, आणि कदाचित स्वतःच्या भाषेलाही, पारखे होते.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. व्हिडिओ पाठ्यपुस्तकाची जागा घेतो असे आपण समजतो, पण वस्तुतः तसे नाही. बालभारतीचे पुस्तक अनेक दशकांपासून साऱ्या महाराष्ट्रात एकाच प्रमाण मराठीत छापले जात आहे. तरीही मेहकरच्या किंवा संग्रामपूरच्या मुलापर्यंत ते तसेच्या तसे कधीच पोहोचले नाही. ते गुरुजींच्या तोंडून पोहोचले. पुस्तकात ‘बाष्पीभवन’ असे. गुरुजी म्हणत, ‘पान्याची वाफ होऊन वर जाते ना, तेच हे.’ पुस्तकात ‘कापसाचे झाड’ असे. वर्गात त्याची ‘पऱ्हाटी’ होई. पुस्तकात ‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापातामुळे निर्माण झालेले सरोवर आहे’ असे वाक्य असेल, तर आमच्याकडचा शिक्षक ‘आपलं लोणार’ म्हणूनच सुरुवात करणार. ‘येथे’चे ‘आपलं’ होणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. नकाशावरचा ठिपका आणि मुलाच्या पायाखालची जमीन यांना जोडणारा सांधा त्या एका शब्दात आहे.

म्हणजे छापील प्रमाणभाषा आणि मुलाची घरची भाषा यांच्यामध्ये एक दुभाषी उभा होता. पगार घेणारा, कधी कंटाळलेला, कधी रागीट, पण दुभाषी. व्हिडिओ पुस्तकाला नव्हे, तर या दुभाष्याला बाजूला सारतो. आता प्रमाण संहिता थेट मुलाच्या कानावर आदळते, आणि तीही अशा आवाजात की ज्याला ‘गुरुजी, म्हंजे काय?’ असे विचारता येत नाही. आभासी शिक्षकाची घडण करणाऱ्याने या रिकाम्या झालेल्या जागेचा विचार केला नाही, तर चेहरा कितीही गोड काढला तरी उपयोग नाही.

आता त्या पहिल्याच वाक्याकडे पुन्हा वळू. ‘मुलांनो, आज आपण…’ या तीन शब्दांत केवढे व्याकरण दडले आहे! ‘मुलांनो’ हे अनेकवचनी संबोधन वर्गातले आहे. समोर चाळीस मुले बसली असताना ते स्वाभाविक होते. पण हा व्हिडिओ पाहणारे मूल बहुधा एकटे असते. वडील शेतातून आल्यावर त्यांचा मोबाइल घेऊन ते ओसरीवर बसलेले असते. त्याला ‘मुलांनो’ म्हणणे म्हणजे त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीशी बोलणे होय. अर्थात शाळेतल्या मोठ्या पडद्यासाठी हेच संबोधन योग्य ठरेल. तात्पर्य, श्रोता कोठे आणि कितीजणांत बसला आहे हे लेखकाने ठरवले पाहिजे. सवयीने लिहून चालणार नाही.

‘आपण’ हा शब्द तर अधिक विचार करायला लावणारा आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. इंग्रजीला तो नाही. ‘आम्ही’ श्रोत्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत घेते. शिवाय ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषीही आहे आणि ‘स्वतः’ या अर्थीही येते. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला उभे राहून वस्तूकडे पाहत आहेत, अशी रचना हा एक शब्द करू शकतो. पण ‘आपण’ म्हणायचे आणि पुढची पाच मिनिटे स्वतःच बोलत राहायचे, यात त्या सर्वनामाचा विश्वासघात आहे. बहुतेक व्हिडिओंत तोच होतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांचा एक निष्कर्ष असा की, औपचारिक भाषेपेक्षा संवादाच्या भाषेत, ‘मी’ आणि ‘तू’ वापरून सांगितलेले अधिक चांगले समजते. दुसरा निष्कर्ष असा की, बोलणाऱ्याचे चित्र पडद्यावर केवळ दाखवल्याने शिकणे सुधारतेच असे नाही. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की निर्मितीचा खर्च आणि श्रम कोठे वळवायला हवेत ते दिसते. तथापि इंग्रजीतला हा नियम मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. तेथे द्वितीय पुरुषाला एकच सर्वनाम आहे. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून निवड करावी लागते, आणि प्रत्येक निवडीबरोबर नाते बदलते. ‘तू सांग’ म्हणणारी ताई असते, ‘तुम्ही सांगा’ म्हणणारे सर असतात. ही निवड कोणी मानसशास्त्रज्ञ आपल्यासाठी करून देणार नाही. ती मराठी जाणणाऱ्यानेच करायची आहे.

या संदर्भात आपल्या परंपरेकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा एका शिक्षकाच्या सहवासाचा ग्रंथ आहे. त्यात चक्रधरस्वामी काय बोलले एवढेच नोंदवलेले नाही. कोणी काय विचारले म्हणून ते बोलले, हेही नोंदवलेले आहे. बाइसा मध्येच बोलतात, महदाइसेची जिज्ञासा थांबत नाही, आणि उत्तर पुष्कळदा सिद्धांतातून न येता दृष्टांतातून येते. स्वामी मूळचे गुजरातेतले, पण त्यांनी निरूपण केले ते इथल्या लोकांच्या बोलीत. तेराव्या शतकात, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या परिसरात सिद्ध झालेल्या या ग्रंथात मराठी गद्यातला शिक्षक असा आहे: ज्याला अडवता येते. कीर्तनकार श्रोत्यांना मध्ये मध्ये बोलते करतो तोही याच वंशातला, आणि पिंगुळीचा चित्रकथी चित्र पुढे धरून शेजारी बसून कथा सांगतो तोही. चित्राच्या शेजारी बसलेला निवेदक ही कल्पना आपल्याला नवी नाही. नवे इतकेच की, आता तो निवेदक बहिरा झाला आहे.

बहिऱ्या माध्यमातही कान निर्माण करता येतो, याचे उत्तम उदाहरण एका मराठी स्त्रीनेच घालून दिले आहे. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा हिंदी अनुबोधपट १९७४ सालचा. दूरदर्शनमुळे तो एका संबंध पिढीला पाठ झाला. त्यातले शिकवणारे पात्र शिक्षिका नाही, दीदी आहे. ती गाण्यातून बोलू लागते आणि एक मूल एका शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे तिला थांबवते. दीदी व्याख्या देत नाही. आजूबाजूला आणि आकाशात जे दिसते ते दाखवते. मग गोष्ट येते, आणि शेवटी मुले ती गोष्ट स्वतः करून पाहतात. प्रत्यक्ष प्रेक्षकाला बोलता येत नाही हे ओळखून विजयाबाईंनी त्याच्या वतीने विचारणारे मूल चित्रपटाच्या आतच बसवले. प्रेक्षक-मुलाची शंका त्या मुलाच्या तोंडून बाहेर पडते, आणि न कळणे ही लाजेची गोष्ट उरत नाही. रेखाटन साधे आहे, हालचाली मर्यादित आहेत. तरी पन्नास वर्षांनंतरही तो लघुपट टिकून आहे, कारण त्याची संहिता टिकाऊ आहे.

दूरच्या जगातही जे टिकले त्यात हेच सूत्र आढळते. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या मालिकेतला निवेदक प्रश्न विचारून खरोखरच थांबत असे. तो थांबा मुलांसमोर तपासून ठरवलेला असे, आणि एकच भाग आठवडाभर रोज दाखवला जाई. तीच गोष्ट रोज रात्री आजीकडून ऐकणाऱ्या मुलाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे २००६ मध्ये आलेल्या ‘गली गली सिम सिम’मधली चमकी ही स्वतःच शाळेत जाणारी मुलगी होती, तिला सारे ठाऊक नव्हते, हीच तिची ताकद. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव तर आपल्या मालकाशीच वाद घालतो. दोघे बोलू लागले की तिसऱ्याला ऐकावेसे वाटते, हे बाहुलीच्या खेळाला फार पूर्वी कळले होते.

महाराष्ट्राने या क्षेत्रात काही केलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने तीन दशके मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. मुलांसाठी पडद्यावर कसे बोलावे याचा जो अनुभव तेथे साठला होता, त्यावर मराठीच्या अभ्यासकांनी एक गंभीर ग्रंथ लिहायला हवा होता. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरून आलेल्या ‘टिलीमिली’ मालिकेने घर आणि परिसरातील कृतींवर भर दिला. पडद्याने मुलाला पडद्यापासून उठवावे, ही तिची दिशा आम्हाला फार मोलाची वाटते. तिचीही भाषिक अंगाने चिकित्सा व्हायला हवी.

त्याऐवजी आज चर्चा कसली होते? मे २०२४ मध्ये डीडी किसान वाहिनीने कृत्रिम बुद्धिमत्तेचे दोन निवेदक आणले, कृष आणि भूमी. ते पन्नास भाषांत बोलू शकतात असे सांगण्यात आले. त्याच वर्षी केरळातील एका शाळेत साडी नेसलेली ‘आयरिस’ ही यंत्रशिक्षिका वर्गात अवतरली. अशा बातम्यांत भाषांची संख्या मोजली जाते आणि साडीचे वर्णन केले जाते. मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने १९७० मध्येच सांगून ठेवले होते की, कृत्रिम आकृती माणसाच्या फार जवळ गेली पण पुरती माणूस झाली नाही, तर ती आपलीशी न वाटता अंगावर काटा आणते. भाषेलाही हे लागू आहे असे आम्हाला वाटते. शुद्ध, सुस्पष्ट, निर्दोष, पण कोणत्याच गावची नसलेली मराठी ऐकताना मुलाला असेच काहीसे परके वाटत असणार.

‘कोणत्याच गावची नसलेली’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. बुलढाणा हा एकच जिल्हा घ्या. पूर्वेकडे वऱ्हाडी, दक्षिणेला सिंदखेडराजा-देऊळगावराजाकडे मराठवाड्याची छटा, मलकापूरकडे खानदेशाचा वारा. वऱ्हाडात अनेकांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ‘शाया’ होते, डोळा ‘डोया’ होतो. असे बोलणारे मूल पडद्यावर काय ऐकते? ज्ञान देणारे पात्र नेहमी ‘शाळा’ म्हणते. ‘शाया’ म्हणणारे पात्र असलेच तर ते विनोदी: शेजारचा बावळट मुलगा, नाहीतर ढेरीवाला मामा. कोणी वाईट हेतूने हे केलेले नसते. पण मूल त्यातून एक धडा शिकते, आणि तो पाठ्यक्रमात कोठेही छापलेला नाही: ‘माझ्या आईची भाषा हसण्यासाठी आहे, शिकण्यासाठी नाही.’ पुढे हेच मूल आमच्या महाविद्यालयात येते, मराठीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसते आणि तोंड उघडत नाही. आम्ही त्याला ‘अबोल’ म्हणतो. ते अबोल नसते. त्याला अबोल केलेले असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात हा प्रश्न आणखी गंभीर होतो. तेथील काही गावांत निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते निर्विवादपणे जोडता आलेले नाही. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आज ती बोलणारे फार थोडे उरले आहेत. तेथे शेजारी कोरकू आहे, बाजारात वऱ्हाडी आहे. अशा मुलासाठी प्रमाण मराठी ही तिसरी-चौथी भाषा ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे. पण पडद्यावरच्या ‘नमस्कार मुलांनो’मध्ये हे मूल कोठे बसते?

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, परीक्षा, नोकरी, उच्च शिक्षण सारे प्रमाणभाषेतच आहे. तेव्हा बोलीचे लाड करून आपण या मुलांचेच नुकसान करू. आमचे उत्तर असे की, संज्ञा प्रमाणच राहू द्याव्यात. ‘बाष्पीभवन’ला पर्याय शोधण्याची गरज नाही. प्रश्न त्या संज्ञेपर्यंत नेणाऱ्या वाटेचा आहे. म्हणून पडद्यावर एकाऐवजी दोन पात्रे असावीत: एक प्रमाण बोलणारे, दुसरे बोली बोलणारे. एकमेकांना त्यांनी सुधारू नये. एकमेकांना समजून घ्यावे. आणि हुशारीचा शेरा नेहमी पहिल्याच पात्राच्या वाट्याला जाऊ नये. असे झाले तर मूल दोन्ही भाषांचे मालक होईल. एकीसाठी दुसरी टाकून द्यावी लागणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येक बोलीसाठी वेगळा व्हिडिओ कोण काढणार? पण चित्र एकदाच काढावे लागते; आवाज पुन्हा भरता येतो. तालुक्यातल्या एखाद्या शिक्षिकेने आपल्या आवाजात तीच संहिता आपल्या पद्धतीने बोलली, तर गेलेला दुभाषी परत येतो. पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड आणि ‘दीक्षा’सारखी व्यवस्था असताना, एका चित्राला चार आवाजांतून निवड देणे तंत्रदृष्ट्या अवघड असण्याचे कारण नाही. अवघड आहे ती संहिता. कोठे थांबायचे, कोणता दृष्टांत द्यायचा, न कळणारे पात्र केव्हा बोलेल, ‘जा, घरामागे बघून ये’ असे कोठे म्हणायचे, हे ठरवायला लेखक लागतो.

हा लेखक कोण पुरवणार? राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन आवाजांचे नमुने गोळा केले आहेत. आमच्याकडे एम.ए.चे विद्यार्थी दरवर्षी बोलींवर प्रकल्प लिहितात आणि ते कपाटात जातात. ‘माध्यमांसाठी लेखन’ शिकवताना आपण जाहिरात, बातमी, पटकथा शिकवतो. मुलांच्या व्हिडिओची संहिता सहसा शिकवत नाही. एका सत्राचा प्रकल्प म्हणून तिसरीतला एकच पाठ घ्यावा, त्याची दोन पात्री संहिता वऱ्हाडीत आणि प्रमाण मराठीत लिहावी, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांपुढे वाचावी आणि मुले कोठे चुळबुळ करतात ते टिपून पुन्हा लिहावी. एवढे करायला अनुदान लागत नाही.

आणखी एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. कमी पटाच्या शाळांचे काय करावे याची चर्चा राज्यात २०२३ पासून विशेष जोरात आहे. अशा वेळी ‘पडद्यावर शिक्षक आहेच की’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी सहज येऊ शकते. आभासी शिक्षक कितीही चांगला घडवला तरी त्याला उपाशी मुलाचा चेहरा दिसत नाही. तो शिक्षकाच्या हाताखाली असावा, त्याच्या खुर्चीत नव्हे. आम्ही येथे जे सुचवतो आहोत ते खुर्ची रिकामी ठेवण्यासाठी कोणी वापरू नये.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, तेव्हा त्यांनी प्रथम त्या अंगणाची भाषा ऐकून घेतली. पडद्याला अंगणात जायला आता क्षणही लागत नाही. तो तेथे जाऊन काय बोलतो याची जबाबदारी तंत्रज्ञांवर ढकलून मराठीच्या प्राध्यापकांना मोकळे होता येणार नाही. चेहरा काढणारे पुष्कळ आहेत. त्याच्या तोंडी घालायचे शब्द, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या शब्दांमधले थांबे, हे मात्र आपले काम आहे.